पाऊस सरला की लाव!

साकीनाक्याच्या आमच्या घरात खिडकीचं ग्रिल हीच माझी शेती. परदेशी पुस्तकात वाचलं, टोमॅटोची रोपं वसंतात बाहेर काढा. काढली मार्चमध्ये! काही करपली, उरलेल्यांची फुलं गळली.

नारायणगावच्या सासूबाई हसल्या. ‘‘अगं, त्यांना भीती हिमाची, आपल्याला उन्हाची. रात्रीही उकडतं, मग फळ धरेल कसं? पाऊस सरला की लाव.’’

आता सप्टेंबरात बी पेरते. रोप 25-30 दिवसांचं, चार-पाच पानांचं झालं की आठवडाभर रोज थोडं थोडं ऊन दाखवते आणि मग संध्याकाळी मोठ्या कुंडीत लावते.

मैत्रिणींनो, पुस्तक जरूर वाचा. पण मुहूर्त मात्र आपल्या खिडकीतल्या उन्हालाच विचारा. आणि हो, घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही!