घटनेआधी छापलेला अर्थ दाखवा

डिसेंबर उजाडला की पुरवण्यांमध्ये आणि वाहिन्यांवर एक मजकूर हमखास दिसतो: येत्या वर्षाबद्दल नॉस्ट्रॅडॅमसने काय सांगून ठेवले आहे. युद्ध, भूकंप, एखाद्या बड्या नेत्याचा अंत, महागाई. हा मजकूर लिहिणाऱ्याने मूळ संग्रह थोडा वेळ जरी चाळला, तरी त्यात वर्षवार भविष्य नाही हे त्याच्या ध्यानात येईल. नॉस्ट्रॅडॅमसच्या ९४२ चतुष्पदींपैकी सन स्पष्ट दिलेल्या चतुष्पदी बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. उरलेल्या कोणत्याही वर्षाला लावता येतात, आणि म्हणूनच त्या दर वर्षी नव्याने लावल्या जातात. त्याची साडेचारशे वर्षांची कीर्ती त्याच्या भाकितांनी कमावलेली नाही, ती मागाहून आलेल्या अर्थकारांनी उभी केली आहे, असे माझे मत आहे. जिथे त्याने स्वतः माणूस आणि मुदत नेमकी सांगितली, तिथे तो चुकला.

मिशेल द नोत्रदाम, म्हणजेच नॉस्ट्रॅडॅमस, हा माणूस मात्र त्याच्याभोवतीच्या दंतकथांपेक्षा अधिक लक्ष देण्याजोगा आहे. १५०३ साली दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्स प्रांतात, साँ-रेमी गावी त्याचा जन्म झाला. घराणे मूळचे ज्यू. आजोबांच्या काळात ख्रिस्ती झालेले. आव्हिन्योंला त्याचे शिक्षण सुरू झाले आणि प्लेगमुळे विद्यापीठच बंद पडले. पुढची काही वर्षे तो औषधी वनस्पती शोधत हिंडला आणि औषधे बनवून विकण्याच्या धंद्यात शिरला. १५२९ मध्ये माँपेलिएच्या वैद्यकीय विद्यापीठात त्याने नाव घातले, पण औषधविक्याचे काम हे हाताने करायचे, म्हणून वैद्याला न शोभणारे मानले जाई. त्या कारणावरून त्याला काढून टाकण्यात आले, आणि त्याची नोंद विद्यापीठाच्या दप्तरात आजही आहे. त्याची पहिली बायको आणि दोन मुले साथीच्या रोगात गेली. १५४६ मध्ये एक्स शहरात प्लेग हाहाकार माजवत असताना तो तिथे रोग्यांमध्ये काम करत होता. रक्त काढण्यासारख्या प्रचलित उपायांचा उपयोग झाला नाही, असे त्याने स्वतः नोंदवले. गुलाबपाकळ्या, लवंग आणि सायप्रसच्या लाकडाचा भुसा घालून केलेल्या गोळ्यांची कृती त्याने पुढे छापली. त्याच पुस्तकात सौंदर्यप्रसाधने आणि मुरंबे यांच्याही कृती आहेत. पुढे सालों या गावी एका सधन विधवेशी लग्न करून तो स्थिरावला. १५५० पासून त्याने दरवर्षी पंचांगवजा पुस्तिका काढायला सुरुवात केली. त्या धडाधड खपल्या आणि त्यांनीच त्याला नाव दिले. 'ले प्रोफेसी' हा भविष्यसंग्रह त्यानंतर, १५५५ मध्ये, लियों शहरात छापला गेला. पहिल्या आवृत्तीत ३५३ चतुष्पदी होत्या.

या चतुष्पदी त्याने कशा रचल्या, हा प्रश्न भाविक क्वचितच विचारतात, कारण त्यांच्या मनात एक चित्र पक्के असते: रात्री एकांतात पितळी तिवईवर बसलेला आणि ज्योतीच्या उजेडात दूरचे काळ पाहणारा द्रष्टा. हे चित्र संग्रहाच्या पहिल्याच दोन चतुष्पदींत आहे. पण ते त्याच्या अनुभवाचे नाही. इआम्ब्लिखुस या प्राचीन तत्त्वज्ञाने दैवज्ञांच्या विधींचे जे वर्णन केले होते, ते क्रिनितुस या इटालियन विद्वानाच्या १५०४ च्या ग्रंथात उद्धृत झाले होते, आणि तेथून ते इथे आले. म्हणजे द्रष्टेपणाचे वर्णनही पुस्तकातूनच घेतलेले आहे. पुढेही तेच दिसते. लिव्ही, स्युटोनिअस, प्लुटार्क यांचे इतिहास, १५२२ चा 'मिराबिलिस लिबेर' हा जुन्या भविष्यवाण्यांचा संग्रह, अपशकुनांच्या याद्या: या सामग्रीचे धागे अभ्यासकांनी एकेका चतुष्पदीत दाखवून दिले आहेत. यामागे एक धारणा होती. ग्रह ज्या स्थितीत असताना पूर्वी एखादी घटना घडली, तशीच स्थिती पुन्हा आली की तशीच घटना घडेल. भूतकाळ पुढे ढकलला की भविष्य तयार होते. त्यात प्रोव्हान्समधले ताजे भय मिसळले. १५४३ च्या हिवाळ्यात तुर्की आरमार तूलों बंदरात मुक्कामाला होते; १५४५ मध्ये मेरँदोल परिसरात वाल्देन्सी पंथीयांची कत्तल झाली; प्लेग तर पाठ सोडत नव्हता. समुद्रावरून येणारे शत्रू, जळणारी गावे, धर्मावरून होणारा रक्तपात आणि साथी त्याच्या ओळींत पुन्हापुन्हा येतात. १५५५ च्या वाचकाला त्यात आपले शेजारपाजार दिसले असणार. आपण मात्र त्यात न्यूयॉर्क आणि कीव्ह शोधतो.

पंचांगे आणि सल्ले यांची गोष्ट वेगळी. तिथे त्याला स्पष्ट बोलावे लागे. ज्योतिषी म्हणून त्याचे गणित कच्चे होते, हे शत्रूंचे कुभांड नव्हे. १५५८ मध्ये लोराँ व्हिदेल या ज्योतिषानेच त्याच्या चुकांवर आख्खे पुस्तक लिहिले. आशिलांनी दुसऱ्याकडून करून आणलेल्या पत्रिका तो वापरी, आणि स्वतः मांडली की जन्मस्थळाप्रमाणे करायची दुरुस्ती राहून जाई. जन्मवेळेत चार मिनिटांचा फरक पडला तर लग्न किती सरकते हे आपल्याकडच्या कुठल्याही ज्योतिषाला विचारा. या चुकीचे वजन तो लगेच सांगेल. आशिलांशी झालेला त्याचा लॅटिन पत्रव्यवहार उपलब्ध आहे. त्यात उत्तर नीट समजत नाही, अक्षर लागत नाही, अशा विनवण्या आढळतात. सर्वांत मोठा पुरावा राजघराण्यातला आहे. १५६४ मध्ये राणी कॅथरिन द मेदिची आपला मुलगा, राजा नववा चार्ल्स, याला घेऊन सालोंला आली. राज्याचा सेनापती माँमोरान्सी याला तिने पत्र लिहिले, की नॉस्ट्रॅडॅमसच्या म्हणण्याप्रमाणे राजा तुमच्याइतका जगेल, आणि तुम्ही नव्वदी पाहाल. माँमोरान्सी १५६७ मध्ये लढाईतल्या जखमांनी मेला, तेव्हा तो सत्तरीत होता. राजा चार्ल्स १५७४ मध्ये गेला, वयाच्या तेविसाव्या वर्षी. ज्या माणसाला तीन वर्षांनंतरचे आणि दहा वर्षांनंतरचे मरण दिसले नाही, तेही समोर बसलेल्या राजाचे, त्याला चारशे वर्षांपुढचे सारे दिसले हे मानायला फार भक्कम आधार हवा.

असा आधार म्हणून फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री याचा मृत्यू पुढे केला जातो. पहिल्या शतकातली, म्हणजे संग्रहातल्या शंभर चतुष्पदींच्या पहिल्या गटातली, पस्तिसावी चतुष्पदी सांगते की तरुण सिंह वृद्ध सिंहाला रणभूमीवर द्वंद्वात हरवील, सोन्याच्या पिंजऱ्यात त्याचे डोळे फोडील, आणि तो क्रूर मरण मरेल. १५५९ च्या जूनअखेर पॅरिसमध्ये भाल्यांच्या खेळात प्रतिस्पर्धी माँगोमेरीच्या भाल्याची कपच राजाच्या शिरस्त्राणातून डोळ्यापाशी घुसली आणि १० जुलैला राजा मेला. साम्य ऐकताना अंगावर काटा येतो, हे मान्य. पण मग तपशील पाहू. ती रणभूमी नव्हती. राजाच्या मुलीच्या आणि बहिणीच्या विवाहसोहळ्यातला खेळ होता. राजा चाळीस वर्षांचा होता. त्याचे व्यक्तिगत चिन्ह चंद्रकोर होते, सिंह नव्हे. शिरस्त्राण सोन्याचे होते असे तत्कालीन कागद सांगत नाहीत. एवढेच नव्हे, १५५८ ची तारीख असलेल्या अर्पणपत्रिकेत नॉस्ट्रॅडॅमस याच राजाला अजिंक्य म्हणतो. आणि या चतुष्पदीचा संबंध त्या मृत्यूशी जोडणारा छापील उल्लेख १६१४ सालचा, म्हणजे घटनेनंतर ५५ वर्षांनी आलेला. तोही नॉस्ट्रॅडॅमसचा मुलगा सेझार याच्या ग्रंथात.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. हेन्रीला लिहिलेल्या त्या पत्रात १७९२ हे साल नाव घेऊन येते आणि त्या सुमारास युगाचे नूतनीकरण होते आहे असे लोकांना वाटेल, असा आशय आहे. १७९२ मध्ये फ्रान्समध्ये प्रजासत्ताक जाहीर झाले आणि नवी कालगणना सुरू झाली. हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देणे मला पुरेसे वाटत नाही, म्हणून या आकड्याचे कूळ पाहिले पाहिजे. शनीच्या दहा फेऱ्या, म्हणजे सुमारे तीनशे वर्षांचा टप्पा, जगात उलथापालथ घडवतो असा एक सिद्धान्त मध्ययुगीन ज्योतिषात होता. त्यावरून पिएर दाय्यी या धर्माधिकाऱ्याने १४१४ मध्येच १७८९ च्या आसपास कायदे आणि पंथ यांत मोठे बदल होतील असे लिहून ठेवले होते. नॉस्ट्रॅडॅमसच्या हाताशी असलेल्या रिशार रुसाच्या १५५० च्या पुस्तकातही त्याच काळातल्या जगाच्या नूतनीकरणाचा हिशेब आहे. तेव्हा या सालाचे श्रेय द्यायचेच तर ते दाय्यीला द्यावे लागेल. आणि ज्या पद्धतीतून हे एक साल निघाले, तिच्यातूनच निघालेली इतर अनेक साले काहीही न घडता गेली, हेही मग मोजावे लागेल. त्याच पत्रात छळ येणार आहे तो ख्रिस्ती चर्चचा. राजसत्तेचा शेवट, गिलोटिन, लोकसभा यांपैकी काहीही तिथे नाही.

धर्मसत्तेच्या भीतीने त्याला गूढ लिहावे लागले, असाही बचाव होतो. मुलाला उद्देशून लिहिलेल्या प्रस्तावनेत त्याने स्वतःच म्हटले आहे की भविष्यातले राज्यांचे आणि पंथांचे बदल आजच्या लोकांना रुचणार नाहीत, म्हणून भाषा दुर्बोध ठेवली. त्याचे कारण खरेही असेल. पण हाच माणूस स्वतःच्या नावाने दरवर्षी पंचांगे छापत होता, राणी त्याची आश्रयदाती होती, आणि चार्ल्सने त्याला राजवैद्याचा मान दिला. १५६१ च्या अखेरीस त्याला मारिन्यानच्या किल्ल्यात काही काळ कैदेत ठेवले गेले, ते बिशपची परवानगी न घेता पंचांग छापल्याबद्दल. दुर्बोधतेचे कारण कोणतेही असो, परिणाम एकच: ज्या ओळीचा अर्थ घटनेआधी कुणालाच लावता येत नाही, ती ओळ इशारा देऊ शकत नाही. प्लेगच्या रोग्याला मेल्यानंतर कळणारे निदान काय कामाचे?

आपल्याकडचा एक लाडका अर्थ या दृष्टीने तपासून पाहावा. तीन समुद्रांनी वेढलेल्या देशातून गुरुवारला मान देणारा महापुरुष उदयाला येईल, असे नॉस्ट्रॅडॅमसने म्हटले आहे आणि हा देश म्हणजे भारत, असे कितीतरी वेळा छापून आले आहे. त्या महापुरुषाच्या जागी वेगवेगळ्या काळी वेगवेगळे नेते बसवले गेले. मूळ चतुष्पदीत, पहिल्या शतकातल्या पन्नासाव्या, देश नाही आणि समुद्रांचा वेढाही नाही. तिथे आहे जलतत्त्वाचे त्रिकूट, म्हणजे आपल्या भाषेत जलराशी: कर्क, वृश्चिक आणि मीन. युरोपीय ज्योतिषात हा शब्द रुळलेला होता. ज्या महाराष्ट्रात घरोघरी पंचांग आहे आणि राशींची तत्त्वे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात, तिथे ही चूक दुरुस्त व्हायला हवी होती. ती झाली नाही, कारण दावा सुखावणारा होता.

आणि म्हणूनच हे निरुपद्रवी करमणुकीचे प्रकरण आहे, हे मला पटत नाही. १९४० मध्ये गोबेल्सच्या प्रचारखात्याने कार्ल एर्न्स्ट क्राफ्ट या ज्योतिषाला याच चतुष्पदींतून जर्मनीच्या विजयाचे अर्थ काढायला बसवले. ब्रिटिशांनी उलट अर्थाचे बनावट साहित्य तयार केले. क्राफ्टला पुढे नाझींनीच पकडले आणि १९४५ मध्ये बुखेनवाल्ड छळछावणीच्या वाटेवर तो मेला. १९९९ च्या सातव्या महिन्यात आकाशातून दहशतीचा राजा येईल, ही थोड्या सनवार चतुष्पदींपैकी एक. पाको राबान या नामवंत फॅशन डिझायनरने ऑगस्ट १९९९ च्या खग्रास सूर्यग्रहणात मीर अंतराळस्थानक पॅरिसवर कोसळेल असे सांगून लोकांना घाबरवले. ग्रहण लागले आणि सुटले. मीर २००१ च्या मार्चमध्ये ठरवून प्रशांत महासागरात उतरवण्यात आले. त्याच वर्षी ११ सप्टेंबरनंतर जी चतुष्पदी जगभर फिरली, तिचा मोठा भाग एका कॅनडियन विद्यार्थ्याने १९९७ मधल्या निबंधात मुद्दाम रचलेला होता, मोघम ओळी किती सहज खऱ्या ठरवता येतात हे दाखवण्यासाठी. हजारो माणसे माणसांनी आखलेल्या कटात मेली होती, आणि ते आधीच लिहून ठेवलेले होते असे म्हणून लोक मन शांत करत होते. लिहूनच ठेवले असेल तर कट करणाऱ्याला दोष कसा द्यायचा, आणि सूचना मिळूनही गाफील राहिलेल्या यंत्रणांना जाब कोणी विचारायचा?

भविष्य तपासण्याची प्रामाणिक रीत आपल्याच राज्यात वापरली गेली आहे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २०० मुलांच्या पत्रिका घेतल्या, निम्म्या हुशार मुलांच्या आणि निम्म्या मतिमंद मुलांच्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते सांगितले. उत्तरे सुमारे ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवले असते तरी एवढी आली असती. निकाल कोणाला आवडो वा न आवडो, यात उत्तर आधी लिहून दिले गेले आणि मग पडताळले गेले. नॉस्ट्रॅडॅमसच्या बाबतीतही वर्तमानपत्रांनी एवढाच नियम पाळावा, अशी माझी मागणी आहे. त्याचे भविष्य छापायचे असेल तर चतुष्पदीचा शतक-क्रमांक द्या, ती कोणत्या आवृत्तीत आहे ते सांगा, आणि तिचा हा अर्थ घटनेपूर्वी कोणी आणि कुठे छापला होता तेही लिहा. हे तीन तपशील देता आले नाहीत, तर ती जागा दुसऱ्या बातमीला द्यावी.