गोष्ट हातातल्या होल्डरची

फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमधली वेल्डिंगची बॅच आठवतेय? बाहेर जुलैचा पाऊस, आत पत्र्याच्या शेडमध्ये घामाच्या धारा, वीस जणांत चार हँडशील्ड आणि प्रत्येकाला बट जॉइंट पूर्ण करून जर्नलवर सही घ्यायची घाई! माझा नंबर आला तेव्हा मामांनी हातात होल्डर दिला आणि वर एक सूचना दिली, "ताई, मागच्या टेपला हात लावू नका, तिथं जरा लागतं."

"लागतं" म्हणजे काय ते मला रॉड बदलताना कळलं. ग्लोव्ह ओलं होतं, टेप सुटलेली होती. कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या आणि होल्डर हातातून पडला. सगळी बॅच हसली, मीही हसले. जॉब पूर्ण झाला, सही मिळाली, विषय संपला.

आता मी टी.ई. ला आहे. गाडीच्या फ्रेमच्या कामासाठी परत त्याच शेडमध्ये गेले, तर तोच होल्डर भेटला. बदल एकच, टेपचे थर वाढले होते! म्हणून हा लेख.

मित्रांनो, माझं म्हणणं साधं आहे. वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर कोपऱ्यात असतो, केबल जमिनीवर असते, अर्थ क्लॅम्प टेबलाला असतो. माणसाच्या मुठीत तासन् तास राहणारी वस्तू एकच, ती म्हणजे होल्डर. आणि नेमकी तीच आपण सगळ्यात शेवटी, सगळ्यात स्वस्त बघून घेतो आणि घेतल्यावर विसरून जातो. व्हायव्हात बेनार्डोस येतो, केलबर्ग येतो, फ्लक्सची पाच कामं येतात. होल्डरवर मात्र एक प्रश्न येत नाही.

"अरे, व्होल्टेज कमी असतं, त्यानं काय होतंय?" असं म्हणणारे खूप आहेत. आर्क चालू असताना ते २० ते ३० व्होल्ट असतं हे खरं. पण आर्क तुटला की ओपन सर्किट व्होल्टेज ५० ते ८० व्होल्टवर जातं. म्हणजे आपण निवांत होऊन रॉड बदलतो, नेमका तेव्हाच धोका जास्त! त्यात हात घामानं भिजलेला, पाय ओल्या फरशीवर, पाठ लोखंडी टेबलाला टेकलेली असेल तर एसी सेटचे ८० व्होल्ट जीवही घेऊ शकतात.

दुसरी गोष्ट उष्णतेची. जबड्यात नीट न बसलेला रॉड किंवा ढिला झालेला केबलचा जोड म्हणजे जास्तीचा रेझिस्टन्स. तो समजा फक्त ०.०१ ओहम आहे आणि करंट १२० अँपिअर. आय स्क्वेअर आर करा, १४४ वॅट येतात. आपल्या रूमवरची सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. म्हणजे जवळजवळ सहा सोल्डरिंग आयर्न मुठीत धरून आपण बीड मारतोय! मग टेप वितळणार नाही तर काय?

आता निवडीबद्दल. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला बोहरी आळीत गेले होते. एका दुकानात रुबाबात म्हटलं, "काका, चारशे अँपिअरचा होल्डर दाखवा." काकांनी उलट विचारलं, "रॉड कुठला वापरता?" म्हटलं, दहा नंबर. "मग चारशेचं ओझं कशाला?" जे मला तीन वर्षांत सुचलं नाही ते काकांनी एका प्रश्नात सांगितलं. दहा नंबरचा म्हणजे ३.१५ मि.मी.चा रॉड साधारण ९० ते १३० अँपिअरवर चालतो. त्याला २०० चा चांगला होल्डर पुरतो. आठ नंबरला, म्हणजे ४ मि.मी.ला १४० ते १८० लागतात, तिथं ३०० चा घ्यावा. रेटिंगबरोबर ड्यूटी सायकलही बघायची. ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं आर्क. उगाच मोठा होल्डर घेतला तर मनगट दुखतं, हात थरथरतो आणि बीड वाकडी जाते. माझ्यासारख्या लहान पंजाच्या मुलीच्या मुठीत तर तो मावतही नाही.

केबलही होल्डरच्या मापाची हवी. २०० अँपिअरच्या होल्डरला २५ ते ३५ चौरस मि.मी.ची केबल लागते. जाड केबल कोंबायला तारा कापल्या की तिथंच गरम होणार, बारीक घातली तर स्क्रू धरणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, होल्डर पूर्ण इन्सुलेटेड हवा, जबड्यांच्या वरचं कव्हरसुद्धा. उघड्या जबड्यांचा होल्डर टेबलावर ठेवला की अर्थ लावलेल्या टेबलाशी शॉर्ट झालाच म्हणून समजा.

हे सगळं वर्कशॉपच्या सरांना बोलून दाखवलं. सर शांतपणे म्हणाले, "नवीन आणले होते. सहा महिन्यांत तुम्हीच वाट लावलीत." आणि खरं सांगू? सरांचं चुकलं नव्हतं. रॉड चिकटला की होल्डरला हिसके कोण देतं? चिपिंग हॅमर सापडला नाही की होल्डरनंच स्लॅग कोण ठोकतं? "रॉड पूर्ण संपवला" या फुशारकीत जबड्यापर्यंत आर्क कोण नेतं? दीड-दोन इंचाचं थोटूक राहिलं की थांबायचं असतं, नाहीतर जबडेच जळतात. रॉडच्या उघड्या टोकाऐवजी फ्लक्सवरच जबडा कोण लावतं? आणि गरम झाला म्हणून पाण्याच्या बादलीत बुचकळून "चुर्र" आवाज काढणारे महाभागही आपलेच!

तेव्हा फक्त खरेदीची मागणी करून भागणार नाही. देखभालीला फार काही लागतही नाही. सेटचा मेन स्विच बंद करायचा. जबड्याच्या खाचा वायर ब्रशनं साफ करायच्या, स्प्रिंगची पकड बघायची, केबलचा स्क्रू ऍलन कीनं आवळायचा, कव्हर तडकलं असेल तर टेप न गुंडाळता कव्हरच बदलायचं. होल्डर मागून गरम होत असेल तर केबलचा जोड ढिला, पुढून होत असेल तर जबडे गेले, एवढं निदान कुणालाही जमेल. काम थांबलं की थोटूक काढून होल्डर लाकडी खुंटीला अडकवायचा.

माझी सूचना आहे की बट जॉइंटच्या आधी फर्स्ट इयरला एक "जॉब नंबर शून्य" ठेवावा. प्रत्येकानं एक होल्डर खोलायचा, साफ करायचा, जोडायचा आणि मगच आर्क मारायचा. ज्या होल्डरला टेप लागेल तो त्याच दिवशी कपाटात बंद.

"मार्क आहेत का त्याला?" असं विचाराल. नसतील. "आपल्याला कुठं जन्मभर वेल्डिंग करायचंय?" असंही विचाराल. बरोबर, नाही करायचंय. आपण उद्या कुठल्यातरी शॉपफ्लोअरवर खरेदीच्या यादीवर सही करणार, होल्डर दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात असणार. मला झिणझिण्या आल्या त्या एकदाच. मामा तोच होल्डर दर बॅचला, दर वर्षी हातात धरतात आणि आपल्याला सांगतात, "जरा लागतं."

त्यांना तो किती वेळा लागला, हे आपण कधी विचारलं का? मी मागच्या आठवड्यात विचारलं. मामा नुसते हसले आणि टेपचं बंडल शोधायला लागले.

– टी.ई. (मेकॅनिकल), लेडीज हॉस्टेल