प्रिंटर रुसला, पेंग्विन हसला!

ऑफिसातला प्रिंटर अडला की आपण काय करतो? आयटीवाल्याला फोन लावतो, कॉफी घेतो आणि प्रिंटरच्या नावानं बोटं मोडतो. १९८०च्या सुमारास एमआयटीच्या लॅबमधला रिचर्ड स्टॉलमन मात्र असा गप्प बसणारा नव्हता. जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळ्यांच्या स्क्रीनवर मेसेज जावा, अशी सोय त्यानं स्वतः प्रोग्रॅममध्ये केली होती. मग झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, पण त्याचा सोर्स कोड काही मिळेना. ज्याच्याकडे तो होता त्या कार्नेगी मेलनमधल्या माणसाकडे स्टॉलमन स्वतः गेला, तर उत्तर मिळालं, ‘द्यायचा नाही असं लिहून दिलंय!’ हा राग त्याच्या डोक्यात बसला तो बसलाच. सप्टेंबर १९८३मध्ये त्यानं ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, १९९१मध्ये लिनस टोरवाल्ड्सचं कर्नल आलं आणि दोन्ही मिळून आपण ज्याला ‘लिनक्स’ म्हणतो ते तयार झालं. म्हणजे बॉस, या सगळ्या भानगडीच्या मुळाशी एक अडलेला प्रिंटर आहे. आणि गंमत बघा, लिनक्सवर अजूनही सगळ्यात जास्त डोकं कोण खातं? प्रिंटरच!

आता ही कटकट भातकुलीत. अमरावतीहून एसटीनं गेलात तर फार लांब नाही. जैन मंदिरामुळे नाव ऐकलेलं असेल. हा सगळा पूर्णा नदीचा खारपाणपट्टा, अमरावती, अकोला आणि बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला. विहिरीला पाणी असतं, पण खारं. पिकाला सतत दिलं तर काळी जमीन घट्ट होत जाते, पाणी मुरत नाही. माझ्या एका मैत्रिणीचे काका इथे राहतात, विज्ञानाचे रिटायर्ड मास्तर. गावच्या विहिरींचं पाणी दर महिन्याला मोजणं हा त्यांचा छंद. खिशात मावणारा टीडीएस मीटर, एक वही आणि पुतण्यानं लिनक्स टाकून दिलेला दोन जीबी रॅमचा जुना डबा. बस्स, एवढीच प्रयोगशाळा.

मीटरबद्दल काकांचं ज्ञान फंडू आहे. तो क्षार मोजतच नाही म्हणे! पाण्यातून वीज किती सहज वाहते ते बघतो आणि त्या आकड्याला एका ठरावीक गुणकानं गुणून अंदाज देतो. म्हणून काका दर वेळी तोच मीटर वापरतात आणि पाण्याचं तापमानही लिहून ठेवतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २०००पर्यंत चालतं. काकांच्या यादीत दोन्हीकडची पाणी आहेत. महिन्याच्या शेवटी सगळ्या विहिरी चढत्या क्रमानं लावून एक तक्ता छापायचा आणि तो पिठाच्या गिरणीत चिकटवायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून चालत नाही का, असं मी विचारलं. चालत नाही. मोबाइलवरचं लोक पाहून विसरतात, पण गिरणीत दळण होईपर्यंत उभं राहून वाचतात.

मी गेले तेव्हा तक्ताच निघत नव्हता. ‘‘अकरा खेपा बटन दाबलं, येक बी कागद नाही आला. पाय बाप्पा, याले काय झालं थे!’’

प्रिंटर ठणठणीत होता, दिवा हिरवा. लिनक्सवर छपाईचं सगळं काम ‘कप्स’ नावाचा प्रोग्रॅम बघतो. मायकेल स्वीट यांनी तो लिहिला, १९९९मध्ये लोकांसमोर आला, २००२पासून अ‍ॅपलनं मॅकमध्ये घेतला आणि २००७मध्ये विकतच घेतला. त्यामुळे तुमच्या चकाचक मॅकबुकच्या पोटातही तोच आहे. त्याचं कंट्रोल रूम ब्राउझरमध्येच उघडतं. पत्त्याच्या जागी लोकलहोस्ट, मग विसर्गासारखे दोन ठिपके आणि ६३१. मॅकवर ते आधी सुरू करून घ्यावं लागतं, लिनक्सवर सहसा तयार असतं. तिथे काकांच्या प्रिंटरसमोर ‘पॉज्ड’ असं लिहिलेलं. छापता छापता लाइट गेले होते. असं काही झालं की कप्स बऱ्याचदा रांगच थांबवून टाकतो आणि प्रिंटर परत चालू केला तरी रांग आपोआप सुरू होत नाही. मेन्टेनन्सच्या यादीत ‘रिझ्यूम प्रिंटर’ असतं, ते दाबायचं. पण त्याआधी ‘कॅन्सल ऑल जॉब्स’, नाहीतर अकराच्या अकरा तक्ते धडाधड बाहेर! पासवर्ड बरोबर असूनही आत घेत नसेल, तर डेबियन-उबुंटूवर तुमचं नाव ‘एलपीअ‍ॅडमिन’ या ग्रुपमध्ये टाकावं लागतं.

कागद आला. सही! आम्ही खूश, काका मात्र चष्मा वर करून बघत राहिले. खालच्या तीन विहिरी गायब होत्या.

हे सगळ्यात डेंजर, कारण इथे एररच येत नाही. तक्ता ए-फोरचा, उंची २९७ मिलिमीटर. प्रिंटरच्या डिफॉल्टमध्ये कागद अमेरिकन ‘लेटर’, उंची २७९. अठरा मिलिमीटर कापले गेले, म्हणजे साधारण तीन ओळी. आणि तक्ता चढत्या क्रमानं असल्यामुळे कापल्या गेल्या त्या गावातल्या सगळ्यात खाऱ्या तीन विहिरी! गिरणीत तो कागद लागला असता तर गावचं पाणी एका महिन्यात सुधारलं असतं. त्याच पानावर ‘सेट डिफॉल्ट ऑप्शन्स’मध्ये मीडिया साइज ए-फोर केला, लिबरऑफिसमधलं पान तपासलं, तेव्हा कुठे शेवटची विहीर कागदावर उतरली.

मराठीचं एक सांगून ठेवते. साधी टेक्स्ट फाइल थेट छापायला पाठवली तर कप्स जोडाक्षरं फोडतो आणि पहिली वेलांटी भलतीकडे जाते. आधी पीडीएफ करा, मग छापा.

आता ड्रायव्हर. तहसीलसमोरच्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात जे दोन प्रिंटर हमखास दिसतात, एचपीचा लेझरजेट १०२० आणि कॅननचा एलबीपी २९००, ते दोघंही लिनक्सवर जरा लाडावलेले. १०२० बंद केला की स्वतःचं फर्मवेअर विसरतो, दर वेळी कॉम्प्युटरनं ते भरवावं लागतं. एचपीचा लिनक्स ड्रायव्हर, ‘एचपीलिप’, त्यासाठी एक वेगळा प्लग-इन नेटवरून उतरवतो, म्हणून पहिल्या दिवशी नेट हवंच. २९०० कॅननची स्वतःची ‘कॅप्ट’ भाषा बोलतो. कंपनीचा जुना ड्रायव्हर ६४-बिट मशीनवर ३२-बिट लायब्ररी मागत बसतो. सेकंडहॅण्ड घेणार असाल तर आधी ओपनप्रिंटिंगच्या यादीत मॉडेल शोधा. ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’ किंवा ‘एअरप्रिंट’ लिहिलेला मिळाला तर बेस्ट, ड्रायव्हरच लागत नाही.

विण्डोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, त्यामुळे जुन्या डब्यांवर लिनक्स टाकणारे वाढतील. पण डबा अगदीच जुना, ३२-बिट असेल तर थांबा. डेबियननंही ऑगस्ट २०२५च्या १३व्या आवृत्तीत ३२-बिट पीसीचा इन्स्टॉलर काढून टाकलाय. अशा मशीनला डेबियन १२ किंवा अ‍ॅन्टीएक्स २३.

आणि प्रिंटर यूएसबीनंच जोडलेला असेल तर ‘कप्स-ब्राउज्ड’ ही सर्व्हिस बंद करून टाका. नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणं हे तिचं काम. सप्टेंबर २०२४मध्ये तिच्यात असं भोक सापडलं की बाहेरचा कुणी खोटा प्रिंटर तुमच्या यादीत घुसवेल आणि तुम्ही त्यावर प्रिंट दिली की त्याचा प्रोग्रॅम तुमच्या मशीनवर चालेल. दुरुस्त्या आल्या आहेत, पण महिनोन्‌महिने अपडेट न केलेल्या डब्यावर त्या पोचलेल्या नसतात. काकांच्या डब्यावर ती बंद केली. एकच प्रिंटर, तोही हातभर वायरवर, शोधायचं काय?