परीक्षकाला पोसतो कोण?

महाळुंगे पडवळचे बाबू गेनू सैद १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाच्या मोटारीखाली चिरडले गेले. काय विकत घ्यावे हा निव्वळ खाजगी प्रश्न नव्हे, हे त्या गिरणी कामगाराने प्राण देऊन सांगितले. आज त्याच गावातला तरुण स्पीकर घेतो तो मोबाइलवरचे परीक्षण पाहून. चार संच शेजारी ठेवून ऐकवणारे दुकान खेड्यात कुठले? या अगतिकतेवरच धंदा उभा आहे. कंपनी परीक्षकाला संच फुकट देते, वर विक्रीमागे दलाली. मग खोक्यावरचे हजारो ‘पीएमपीओ’ वॅट हा क्षणभराचा, फुगवलेला आकडा असून टिकणारी ताकद ‘आरएमएस’मध्ये मोजतात, हे तो कशाला सांगेल?

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची भलामण करणाऱ्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी कंपनीशी असलेले लागेबांधे उघड करणे बंधनकारक केले. हे स्वागतार्हच, परंतु लाच जाहीर केल्याने न्याय निःपक्षपाती होत नाही. अमेरिकेत १९३६ साली संपकरी कर्मचाऱ्यांनी ‘कन्झ्युमर्स युनियन’ स्थापली. वस्तू बाजारातून विकत घेऊन तपासायच्या, जाहिराती घ्यायच्या नाहीत, हा तिचा दंडक. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून ग्राहक संघटित करून दाखवला आहे. वर्गणीवर चालणारी तपासणी येथेही उभारणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. परीक्षकाला ग्राहकाने पोसले, तरच तो ग्राहकाचा राहील.