नियम टोपलीपाशी नको, जाळ्यापाशी हवा

महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींच्या माशांसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवले. पापलेट 135 मिलिमीटर, सुरमई 370. निर्णय योग्यच आहे. अंडी घालण्याआधीच मासा मारला, तर पुढचा हंगाम येणार कुठून? पण ट्रॉल जाळ्याच्या शेवटच्या पिशवीची आस (जाळीचे भोक) बारीक असली, की कोवळे पापलेट त्यात चेंगरूनच वर येते. बंदरावर फूटपट्टी लावून ते जिवंत होत नाही. तिथे आयती सापडते ती टोपली घेऊन बसलेली कोळीण. जाळे निवडण्यात तिचा शब्द कधीच नव्हता. म्हणून तपासणी बोट सुटण्याआधी, आसेची व्हावी, आणि तीत मच्छीमार सहकारी संस्थांना अधिकृत वाटा मिळावा.

संस्थांवर मोठ्या बोटवाल्यांचेच वर्चस्व असते, हा आक्षेप खरा आहे. पण त्यावर उपाय संस्था वगळणे हा नव्हे. समितीत बिगरयांत्रिक होडीवाले, खलाशी आणि मासळी विकणाऱ्या बायका यांच्या जागा राखून ठेवा. 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारी बंदीत चूल थंडावते ती खलाशांची आणि या बायकांचीच. मग नियम ठरवताना त्यांना बाहेर का ठेवायचे?