केबल महाग, आवाज तोच! लाखाच्या ऑडिओ केबलमागचं विज्ञान काय सांगतं?

ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडला, की भिवंडी तालुक्यातल्या गोदामांची रांग सुरू होते. मुंबई-ठाण्यातल्या घरांत पोहोचणारी बरीचशी ऑनलाइन पार्सलं कशेळी, काल्हेर, पूर्णा या पट्ट्यातूनच निघतात. टीव्ही, साउंडबार, होम थिएटर मागवताना ग्राहकाला हमखास आणखी एक वस्तू सुचवली जाते, ती म्हणजे ‘प्रीमियम’ केबल. दीड-दोन मीटरच्या तारेची किंमत काही शे रुपयांपासून थेट लाखापर्यंत जाते. पण पैशांच्या प्रमाणात आवाज सुधारतो का?

तार नेमकं काय करते?

स्पीकरची तार अ‍ॅम्प्लिफायरकडून आलेला विद्युत प्रवाह स्पीकरपर्यंत नेते. त्यात महत्त्वाचा असतो तो तारेचा रोध. २.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे साधारण ०.००७ ओहम असतो. स्पीकर ५ मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन १० मीटर तार लागते आणि एकूण रोध ०.०७ ओहम होतो. ८ ओहमच्या स्पीकरपुढे हा रोध एक टक्काही नाही. आवाजाच्या पातळीत त्याने पडणारा फरक ०.१ डेसिबलपेक्षा कमी असतो. तो कानाला जाणवत नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानात मीटरवर मिळणारी चांगली तांब्याची तार हे काम चोख करते.

मग केबलने काहीच फरक पडत नाही?

पडतो, पण त्याचं कारण वेगळं असतं. ४ ओहमचा स्पीकर १५ मीटरवर ठेवून ०.७५ चौरस मिलिमीटरची बारीक तार वापरली, तर पातळी जवळपास १.४ डेसिबलने घटते. तिथे जाड तार घ्यायलाच हवी. दुसरी फसवणूक स्वस्त मालात आहे. आत अ‍ॅल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा असलेली तार अनेकदा ‘कॉपर’ म्हणून खपवली जाते. तिचा रोध शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. म्हणून तार घेताना जाडी, लांबी आणि धातू या तीन गोष्टी पाहाव्यात.

एचडीएमआय आणि ऑप्टिकल केबलचं काय?

या केबलमधून जाते ती शून्य आणि एकची डिजिटल माहिती. ती नीट पोहोचली, तर चित्र आणि आवाज जसेच्या तसे मिळतात. नाही पोहोचली, तर पडद्यावर ठिपके येतात, आवाज तुटतो किंवा स्क्रीन काळी होते. महागड्या केबलने ‘रंग खुलले’, ‘बेस भरदार झाला’ या दाव्याला इथे जागाच नाही. एचडीएमआय २.१ साठी ४८ गिगाबिट प्रतिसेकंद क्षमतेची ‘अल्ट्रा हाय स्पीड’ केबल घ्यावी आणि खोक्यावरचं प्रमाणपत्राचं लेबल स्कॅन करून खात्री करावी. ऑप्टिकल केबलमधून तर प्रकाश जातो. तिच्या टोकाला सोन्याचा मुलामा देऊन साधतं काय?

डेनॉन या नामांकित कंपनीने २००८ मध्ये दीड मीटरची नेटवर्क केबल ४९९ डॉलरला बाजारात आणली. सिग्नल कोणत्या दिशेने जावा, यासाठी तिच्यावर बाणही छापले होते. जगभर तिची भरपूर थट्टा झाली.

पॉवर केबलचा दावा कितपत खरा?

भिवंडी परिसरात २००७ पासून महावितरणची फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवर वीज पुरवते. ही वीज उपकेंद्र, रोहित्र, खांबांवरच्या किंवा जमिनीखालच्या तारा आणि भिंतीतलं वायरिंग असा कितीतरी प्रवास करून सॉकेटपर्यंत येते. शेवटच्या दीड मीटरला ५० हजारांची केबल लावून ती ‘शुद्ध’ होईल, हे पटण्यासारखं नाही. स्पीकरमधून गुणगुण येत असेल, तर आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावं.

‘मला फरक ऐकू येतो’, त्याचं काय?

असं सांगणारे खोटं बोलत असतात असं नाही. किंमत माहीत असली की मेंदू फरक शोधतो. त्यावर उपाय म्हणजे कोणती केबल जोडली आहे हे न सांगता ऐकवणं. अमेरिकेतले जादूगार आणि दाव्यांची चिकित्सा करणारे जेम्स रँडी यांनी २००७ मध्ये ७,२५० डॉलरच्या स्पीकर केबलचा फरक असा ओळखून दाखवणाऱ्याला १० लाख डॉलर देऊ केले. ती चाचणी शेवटपर्यंत झाली नाही.

महाराष्ट्राला ही पद्धत नवी नाही. डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची चाचणी अशीच घेतली होती. पत्रिका कोणाची, हे न सांगता २७ ज्योतिषांना मूल हुशार की मतिमंद ते ओळखायला सांगितलं. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवूनही ५० टक्के बरोबर आली असती. हाच निकष केबलला का लावू नये?

ग्राहकाने काय करावं?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं. पुन्हा तीच चूक केल्यास ५० लाखांपर्यंत. बिल आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

हौसेला मोल नसतं हे खरं, पण हप्त्यावर होम थिएटर घेणाऱ्या कुटुंबासाठी दहा-वीस हजार ही हौस नसते, घरखर्च असतो. तेवढे पैसे चांगल्या स्पीकरवर, त्यांच्या योग्य जागेवर आणि खोलीतला घुमारा कमी करणाऱ्या पडदे-गालिच्यावर खर्च केले, तर फरक डोळे मिटूनही ऐकू येईल. जी कंपनी केबलसाठी लाख रुपये मागते, तिने आधी मोजमाप दाखवावं. सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे, ग्राहकाच्या कानांची नाही.