शेलीचे तीस तास



आमच्याकडे क्षेत्रकार्यासाठी येणाऱ्या समाजकार्याच्या विद्यार्थिनींनी मध्यंतरी ‘द क्रो’ हा अमेरिकन चित्रपट पाहण्याचा आग्रह धरला. १९९४ सालचा, चित्रकथेवरून काढलेला, जवळजवळ सगळा रात्री आणि पावसात घडणारा सूडपट. “ताई, बलात्काऱ्यांना कशी अद्दल घडते ते पाहा तरी,” असे त्यांचे म्हणणे. आम्ही एकत्र बसून तो पाहिला. नंतर मी त्यावरची परीक्षणे मिळवून वाचली. हे संपादकीय खरे तर त्या परीक्षणांमुळे लिहीत आहे.

गोष्ट डेट्रॉइट शहरातली. हॅलोवीनच्या आदल्या रात्री तिथे आगी लावण्याची विकृत प्रथाच पडली होती. १९८४ साली तीन दिवसांत आठशेच्या वर आगी लागल्या. अशाच एका रात्री चार गुंड एका घरात घुसतात, एरिक या वादकाला ठार मारतात आणि त्याची होणारी बायको शेली हिच्यावर बलात्कार करतात. ती रुग्णालयात तीस तास तळमळून मरते. वर्षभराने एका कावळ्याच्या साथीने एरिक थडग्यातून उठतो आणि एकेका गुंडाला गाठून मारतो. मेलेल्याची इच्छा अपुरी राहिली की कावळा पिंडाला शिवत नाही, हे ऐकत आपण वाढलो. त्यामुळे आमच्यात कुणाला कावळ्याचे नवल वाटले नाही.

समीक्षकांनी चित्रपटाचे चांगले स्वागत केले. रॉजर ईबर्ट यांनी चारपैकी साडेतीन तारे दिले. दिग्दर्शक अ‍ॅलेक्स प्रोयास यांनी उभ्या केलेल्या काळोख्या शहराचे कौतुक झाले. त्याहून अधिक लिहिले गेले ते नायक ब्रँडन ली यांच्याविषयी. ३१ मार्च १९९३ रोजी चित्रीकरणाच्या बंदुकीच्या नळीत अडकून राहिलेला गोळीचा तुकडा लागून ते अवघ्या २८व्या वर्षी गेले. ते दुःख खरेच होते. २०२४ मध्ये याच नावाने नवा चित्रपट आला. तो समीक्षकांनी झोडपला, आणि तुलना पुन्हा जुन्या चित्रपटाच्या शैलीशी व ली यांच्याशीच झाली.

मी वाचलेल्या परीक्षणांत एक प्रश्न मात्र कुठेच सापडला नाही. शेलीला मारले का?

उत्तर चित्रपटातच आहे. जेम्स ओ’बार यांच्या १९८९च्या मूळ चित्रकथेत हल्ला हा निव्वळ दुर्दैवाचा भाग आहे. रस्त्यात गाडी बंद पडते आणि गुंड गाठतात. चित्रपटाच्या लेखकांनी ते बदलले. इथली शेली भाडेकरूंना इमारतीतून हुसकावण्याविरुद्ध अर्ज करते, आणि त्यापायी गुंड तिच्या दारात येतात. म्हणजे ती आपल्यासारखीच सह्या गोळा करत फिरणारी बाई आहे. पण त्या भाडेकरूंचे पुढे काय झाले, हे चित्रपट सांगत नाही आणि समीक्षक विचारत नाहीत.

तिच्या तीस तासांचे काय होते तेही पाहा. ऑलब्रेक्ट नावाचा पोलीस तेवढा वेळ तिच्याजवळ बसलेला असतो. एरिक स्पर्शाने त्याच्याकडून त्या वेदना स्वतःकडे घेतो आणि शेवटी खलनायकाच्या अंगात एकदम ओततो. आमच्या मुलींनी इथे टाळ्या वाजवल्या. मला वाजवता आली नाही.

जळीत वॉर्डात मी अनेकींच्या उशाशी बसले आहे. बाई पाणी मागते. धाकट्याला शाळेत कोण सोडणार, असे विचारते. जबाब घ्यायला माणूस येतो तेव्हा सासू दाराशी उभी असते, आणि बाई “स्टोव्हचा भडका उडाला” एवढेच म्हणते, कारण पोरे त्याच घरात राहायची आहेत. त्या तासांत ती काय बोलते याला फार मोल असते. कित्येकदा खटला त्यावरच उभा राहतो किंवा पडतो. चित्रपटाने शेलीच्या वेदना जपून ठेवल्या, त्यांचे हत्यार केले. हल्ल्याबद्दल, अर्जाबद्दल मात्र तिला बोलू दिले नाही.

चित्रकथांच्या जगात हे इतके नेहमीचे आहे की १९९९ मध्ये गेल सिमोन या लेखिकेने अशा स्त्रीपात्रांची यादीच केली. नायकाची गोष्ट पुढे सरकावी म्हणून त्यांचे खून, बलात्कार होतात. यादीला तिने ‘फ्रिजमधल्या बायका’ अशा अर्थाचे नाव दिले, कारण १९९४च्याच एका चित्रकथेत नायकाला प्रेयसीचे प्रेत फ्रिजमध्ये सापडते.

चर्चेत एकीने विचारले, “ताई, कोर्टात वर्षे जातात. निदान पडद्यावर तरी न्याय नको का?” तिचा राग मला परका नाही. तारखा पडत राहतात, साक्षीदार फुटतात, तेव्हा माझ्याही मनात नको ते येते. पण सूडपटात समाधान मिळते ते नायकाला. बाई मेल्यानंतरच गोष्ट सुरू होते, ती जगली असती तर कथाच उरली नसती. आपल्याकडे मात्र बहुतेक बायका जगतात. त्यांना उद्या कामावर जायचे असते, त्याच गल्लीतून यायचे असते. “आमच्या ताब्यात द्या” म्हणणाऱ्या मोर्चाला गर्दी होते. तिचा जबाब नीट घेतला का, तिला राहायला घर आहे का, हे विचारायला चार जणीही मिळत नाहीत.

चित्रपट पाहू नका, असे मी म्हणत नाही. पाहा, आणि आपापल्या गटात बोला. मारली गेलेली बाई काय काम करत होती? ते काम पुढे कुणी नेले? तिच्या वेदनेचा उपयोग कुणाला झाला? अत्याचाराची बातमी वाचतानाही हेच प्रश्न विचारून पाहा. चर्चेचा वृत्तान्त पुढच्या अंकासाठी जरूर पाठवा. आमच्या विद्यार्थिनींनी शेलीचा तो अर्ज कसा असेल, हे लिहून काढायला घेतले आहे.